उलट्या वेढ्याची माशी

१

नवरात्र सरलं की काळू नदीचं पाणी निवळायला लागतं. पावसाळाभर चहासारखी दिसणारी नदी आधी पिवळट होते, मग हिरवट, आणि दिवाळीच्या आगेमागे एखाद्या सकाळी तळाचे गोटे दिसतात. तिथून होळीपर्यंत माझा मोसम. या दिवसांत माझा एकही रविवार घरी गेला नाही, आणि रत्नप्रभाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावर बोलायचंही सोडून दिलं होतं.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत फिटर, घर टोकावड्याला. कारखान्यात आमचे एक फोरमन होते, पिंटोसाहेब. दर मे महिन्यात रजा काढून ते कुलूला जायचे, तिथल्या थंड पाण्यातले ट्राउट धरायला. गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. कोंबड्याच्या मानेचं बारीक पीस दोऱ्याने गळावर असं बांधायचं की पाण्यावर टेकताच माशाला वाटावं, किडाच पडला. त्याला ते माशी म्हणत. रिटायर होताना त्यांनी त्यांची एक जुनी काठी मला दिली आणि सांगितलं की तुझ्या नदीत ट्राउट नाहीत, पण भूक सगळ्या माशांना सारखीच असते.

तसंच निघालं. आमच्या काळूत खडस असतो, रुपयाएवढ्या खवल्यांचा, सोनेरी अंगाचा. तो माशीवर असा उसळतो की हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. गावाने माझी यथेच्छ टर उडवली. कोंबडा आपण खायचा आणि पिसं मासळीला घालायची, असा हा शहाणा, म्हणायचे. मीही काही कमी नव्हतो. गावात चारा लावून मासे धरायची रीत आहे. कोंडा आणि पेंड कालवून गोळे करायचे, रोज एकाच जागी टाकायचे. मासा निर्धास्त झाला, वेळेवर यायला लागला, की मग एक दिवस गोळ्यात गळ. मी म्हणायचो, हे तर पाहुण्याला जेवायला बोलावून मारणं झालं. माझी माशी निदान एका झटक्यात काय ते ठरवते.

माझी जागा ठरलेली. गावापासून तासाभराच्या वाटेवर नदी काळ्या कातळात उतरते, तिथे पाण्याने खोदून खोदून गोल डोह केला आहे. एका काठाला उंबर, समोर कातळाचा बाहेर आलेला ओठ आणि त्याखाली दिवसभर सावली. लोक त्याला कढई म्हणतात. तिथे देव नाही, कसली कथा नाही, कुणी बुडाल्याचंही ऐकिवात नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं होतं, भीतीने नव्हे, हौसेने. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी आमच्या घराने भुतंखेतं, नवससायास सगळं सोडून दिलं. मला ते सोपं गेलं, कारण मी ते कधी धरलंच नव्हतं.

२

नव्याण्णवच्या जूनमध्ये रश्मी बारावीला नापास झाली. आमची एकुलती एक पोर. दोन विषय गेले होते, जग काही बुडालं नव्हतं, पण तिचं बुडालं. ती घराबाहेर पडेना. मैत्रिणी आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसे. विचारलं तर हो किंवा नाय, त्यापलीकडे शब्द नाही. आधी हीच पोरगी हसायला लागली की शेजारची माणसं कामं टाकून बघायची. नाकातून एक फुसका आवाज यायचा, मग ती थांबायची, आपण म्हणावं संपलं, आणि मग धरण फुटल्यासारखी हसायची. त्या पावसाळ्यात घरात तो आवाज एकदाही आला नाही. मला ते सोसत नव्हतं. रात्रपाळीवरून येऊन मी उगाच तिच्यासमोर विनोद करायचो आणि ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

ऑक्टोबरात मी ओट्यावर माश्या बांधत बसलो होतो. माझे हात पान्याचे, दोरा हजारदा निसटतो. रश्मी बराच वेळ दारातून बघत होती. मग येऊन बसली, माझ्या हातातून चिमटा घेतला आणि तिने माशी बांधली. पहिलीच. पिंटोसाहेबांनी बघितली असती तर टोपी काढली असती.

मग ती रोज बांधायला लागली. काळा दोरा संपला तेव्हा तिने कंगव्यातला आपला लांब केस ओढून घेतला आणि त्याचेच वेढे दिले. रत्नप्रभाला ते खपलं नाही. तिच्या माहेरची शिस्त अशी की विंचरलेल्या केसांचा गुंतवळ बाईने गोळा करावा, त्यावर थुंकावं आणि चुलीत टाकावा, कुणाच्या हाती लागू देऊ नये. मी तिची थट्टा केली. म्हटलं, दीक्षा घेऊन दोन पिढ्या झाल्या आणि थुंकी अजून सुटली नाही. रत्नप्रभा म्हणाली, थुंकीला काय धर्म असतो? त्यावर रश्मीच्या नाकातून तो फुसका आवाज आला. ती थांबली. आणि मग हसली. त्यानंतर केसांवरून कुणीच काही बोललं नाही.

केसाने बांधलेली माशी पाण्यावर जिवंत वाटायची. तिच्यावर मासा असा यायचा की मला माझीच शंका यावी. दिवाळीनंतरच्या एका रविवारी समोरच्या ओठाखालच्या सावलीत मी ती टाकली आणि काहीतरी जड लागलं. उसळी नाही, पळापळ नाही. तंगूस, म्हणजे आमची नायलॉनची दोरी, ताणली गेली आणि तशीच राहिली, जणू पलीकडे कुणी विचार करत होतं. मग हलकेच तुटली. तुटलेलं टोक बघितलं तर फाटलेलं नव्हतं, सपाट होतं. मी म्हटलं, कातळाला घासली असणार.

३

पुढच्या रविवारी उंबराच्या फांदीला, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक माशी अडकलेली दिसली. काठी फिरवताना मागच्या फांदीत माशी अडकणं हे रोजचंच, म्हणून मी ती माझीच समजून खिशात टाकली. घरी गेल्यावर रश्मीने ती बोटावर घेतली आणि म्हणाली, ही आपली नव्हे.

तिला गळ नव्हता. लोखंडाच्या जागी कसलीतरी बारीक सरळ काडी होती, पांढरी आणि गुळगुळीत. त्यावर कोंबड्याचं नव्हे, बगळ्याचं पीस. आणि काळ्या केसाचे वेढे, एकाशेजारी एक, कुठे फट नाही. रश्मीने ती खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केली.

"गाठ माझी हाय," ती म्हणाली. "पन उलटी. डाव्या हातानं बांधल्यासारखी. आरशात बघून शिकलं की कसं होईल, तशी."

मी म्हटलं, असेल कुणी डावखुरा. मोठा माणूस, बारा ठिकाणी हिंडलेला, त्यामुळे मला कारणं चटकन सुचतात. तेव्हा आमच्याकडे मुंबईवाल्यांची फार्महाउसं उठायला लागली होती. त्यातला एखादा हौशी येत असणार, त्याला रश्मीची तुटलेली माशी सापडली असणार, त्याने बघून नक्कल केली असणार. गळ नाही कारण शिकाऊ आहे. रश्मीला हे इतकं आवडलं की तिने त्या रात्री जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेतला. रत्नप्रभाने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

सकाळी रश्मीने नवी माशी बांधून माझ्या हातात दिली आणि सांगितलं, तिथंच फांदीला लावून या. त्याला कळू दे की बगळ्याचं पीस पाण्यात जड होतं.

४

अशी ती देवघेव सुरू झाली. मी इकडून एक लावायचो आणि पुढच्या रविवारी तिकडची एक आणायचो. तिकडच्या माश्या दर खेपेला सुधारत होत्या. एक खंड्याच्या निळ्या पिसाची होती. एक माशाच्या खवल्याची, तिला खवला कोरून दोन पंख केले होते. रश्मी प्रत्येक माशी दिवस दिवस न्याहाळायची, बोलायची, मला त्यातल्या खुब्या समजावून सांगायची. ती पुन्हा वेणी घालू लागली. ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून हळहळली, मार्चला बसते म्हणाली. घरात दिवसाकाठी एकदा तरी हसण्याचा आवाज यायचा. मी त्या न दिसलेल्या माणसाला मनातल्या मनात हात जोडायचो.

तरी माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. फार्महाउसच्या गड्यांना विचारलं, त्यांच्यात मासे धरणारा कुणी नव्हता. एक दिवस रजा टाकून मी मंगळवारी कढईवर गेलो आणि दुपारभर झाडीत बसून राहिलो. कुणी आलं नाही. पाणी मात्र अगदी गप्प होतं. एरवी तिथे बेडूक उड्या मारतात, खंड्या येतो. त्या दुपारी मी सोडून काहीच हललं नाही.

वरच्या वाडीतली ठमी त्या बाजूला शेळ्या चारते. परतताना ती भेटली. मी विचारायच्या आधी तिनेच विचारलं, आज लौकर चाललात का.

"त्या बुधवारी तं सांज होईस्तर बसल्ते," ती म्हणाली. "पल्याड, त्या ओठाखाली. मी हाक मारली तं बघलं पन नाय."

मी सांगितलं की बुधवारी मी कामावर असतो, आणि पलीकडच्या ओठाखाली बसायला जागाच नाही, तिथे सरळ पाणी आहे. ठमीने जरा विचार केला.

"मंग कोन तरी तुमच्यावानी," ती म्हणाली. "बसनं तुमचंच व्हतं." आणि ती शेळ्यांमागे निघून गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मलाही वाटू नये म्हणून मी घरापर्यंत शीळ घालत गेलो.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. पहिली माशी डोक्याच्या उंचीवर होती. मग छातीच्या, मग उंबराच्या मुळीवर. पौषात ती काठच्या दगडावर असायची, आणि माघात मला घोटाभर पाण्यात उतरावं लागलं. मला वाटायचं, पाणी उतरतंय तसा तो माणूस खाली येतोय.

५

लक्षात आलं ते गावच्या बंधाऱ्यावर. आमचा महादू, नात्याने लांबचा चुलता, कोंड्याचे गोळे पाण्यात सोडत बसला होता. पाण्याखाली मळे मासे गर्दी करून गोळे ओरबाडत होते, त्याच्या बोटांनाही लुचत होते. मी नेहमीप्रमाणे टोमणा मारला की काका, गळ कुठाय, का नुसतंच पुण्य कमावताय. महादू हसला. म्हणाला, एवढ्यात गळ कशाला?

"आदी भ्याव गेलं पायजे," तो म्हणाला. "रोज जरा जरा आपल्याकडं आनायचं. हातातनं खाया लागलं, का मंग."

मी तिथेच बंधाऱ्यावर बसलो. गळ नसलेली माशी शिकाऊ माणसाची नव्हती. ज्याला ती पोचवायची होती त्याला ती आवडते की नाही, एवढंच कुणीतरी बघत होतं. आणि दर रविवारी तो गोळा खिशात घालून माझ्या पोरीच्या ओंजळीत नेऊन ठेवणारा मी होतो.

शहाण्या माणसाचं मन मोठं लबाड असतं. घर येईस्तोवर मी स्वतःला पुरतं पटवलं होतं की हे सगळं माझ्या डोक्याचे खेळ आहेत. पाण्यातलं कुणी माणसाला कशाला चारा लावेल? तरी त्या रविवारी मी कढईवर गेलो नाही. रश्मीला सांगितलं, आज काही ठेवलेलं नव्हतं. पुढच्या रविवारीही तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी तिने ताट सरकवलं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. जून महिना पुन्हा घरात आला.

रत्नप्रभाने मला मागच्या दारी गाठलं. तुमचं काय भांडण आहे त्या माणसाशी, तिने विचारलं. मी काय सांगणार होतो? म्हटलं, अनोळखी पुरुष, वयात आलेली पोर, बरं दिसत नाही. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, पिसंच तर आहेत, चिठ्ठ्या नाहीत. पोर त्या पिसांवर उठून बसली होती. जगात कुणाचं काय बिघडत होतं?

दुसऱ्या दिवशी रश्मी स्वतः माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, पप्पा, तुम्हाला जायचं नसेल तर मी जाऊन बघते. आठ-नऊ महिन्यांत ती पहिल्यांदा घराबाहेर जायचं म्हणत होती, आणि मी तिच्यावर ओरडलो. जीव खाऊन ओरडलो, पण ती दचकली नाही, नुसती बघत राहिली. कढईचं नाव काढायचं नाही, एवढं मी बजावलं आणि कामावर निघून गेलो.

६

शनिवारी कारखान्यात लाइट गेली म्हणून दुपारीच सोडलं. घरी आलो तर रत्नप्रभा खुशीत होती. चहा टाकता टाकता म्हणाली, रश्मी बाहेर गेली. आपली आपण, नवा ड्रेस घालून. मीच म्हटलं जा, पप्पांना मी सांगते. किती दिवसांनी पोरीने उंबरा ओलांडला.

मी चहाची वाट बघितली नाही. तासाभराची वाट कशी तोडली ते आठवत नाही. पळस फुलले होते, एवढंच डोळ्यांत राहिलं. ठमीच्या शेळ्या वाटेत आडव्या आल्या, त्यांना लाथाडून गेलो.

रश्मी कढईत होती. उंबराच्या बाजूने कातळ पाण्यात उतरत जातो, त्यावर ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती, पाठमोरी. नव्या ड्रेसची ओढणी पाण्यावर पसरली होती. मी हाक मारली. तिने वळून बघितलं आणि हसली, अगदी पूर्वीसारखी. तिने उजवा हात वर केला. मला दाखवत होती, पप्पा, मिळाली.

बोटाच्या टोकावर माशी होती. तिच्याच केसांची, नुसत्या केसांची, इतकी सुंदर की लांबूनही डोळा तिथेच जावा. बोटावर ठेवलेली नव्हती, बोटात रुतली होती. रक्ताचा एक ओघळ मनगटापर्यंत आला होता, आणि तिला त्याचं भान नव्हतं. बोटापासून एक काळी बारीक रेघ निघून पाण्यात जात होती.

मी पाण्यात घुसलो. तिच्यापर्यंत पोचेतो ती रेघ सैल पडली, मग ताणली, मग पुन्हा सैल पडली. रश्मी एक पाऊल पुढे गेली. पुन्हा सैल. पुन्हा ताण, आणि आणखी एक पाऊल. यात घाई नव्हती, जोर नव्हता. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच करत आलो आहे. मोठा मासा लागला की ओढायचं नसतं. त्याला वाटू द्यायचं की तो त्याच्या मनाने येतोय.

मी तिला मागून कवेत धरलं आणि त्या रेघेच्या दिशेने माझी नजर गेली. जायला नको होती. पाणी स्वच्छ होतं. समोरच्या ओठाखाली, सावलीत, पाण्याच्या आत कातळावर कुणीतरी बसलं होतं. एक गुडघा वर, एक पाय लांब, मान जराशी पुढे. मी बसतो तसं. एक हात पुढे आलेला होता आणि अंगठा आणि दोन बोटांत तो केस धरलेला होता, अगदी हलका, नुसतं कळावं इतका. ते माझ्याकडे बघत नव्हतं. रश्मीकडेही नाही. ते केसाकडे बघत होतं. तोंड मला दिसलं नाही, कारण तिथे सावली होती, आणि ती सावलीच होती असं मी आजवर धरून चाललो आहे.

केस मी दातांनी तोडला. तुटताना एक बारीक आवाज झाला, भांड्याला काठाशी तडा जावा तसा. रश्मी माझ्या हातांत एकदम जड झाली. तिला ओढत काठाला आणलं. मागे वळून बघितलं नाही, पण पाठीमागे पाणी हललं नाही हे मला ठाऊक आहे, कारण मी तेच ऐकत होतो.

काठावर तिने डोळे उघडले.

"का तोडलं, पप्पा?" ती म्हणाली. रागाने नाही. दुःखाने.

७

टोकावड्याच्या डॉक्टरांनी बोट चिरून आतलं टोक काढलं. वाकडं, पांढरं, काटेरी टोकाचं. माशाचं हाड दिसतंय, म्हणाले, स्वयंपाक करताना गेलं का? मी हो म्हटलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि बोट बरं झालं. रत्नप्रभाला मी सांगितलं की पाय घसरून पडली. घरातल्या सगळ्या माश्या मी चुलीत घातल्या. केसांचा वास घरभर पसरला तेव्हा रत्नप्रभा येऊन चुलीत थुंकली. मी तिची थट्टा केली नाही.

रश्मी चांगली आहे. पुढच्या मार्चला बारावी पास झाली. मुरबाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, बसने जाते-येते, मैत्रिणींशी बोलते, भाकऱ्या करते. आईला वाटतं पोर सावरली, आणि कुणालाही तसंच वाटेल. ती हसत नाही, एवढंच. मोठी झाली, पोक्त झाली, असं लोक म्हणतात. घरात टीव्हीवर काहीतरी गमतीचं चाललं की मी पडद्याकडे बघत नाही, तिच्याकडे बघतो. तिच्या नाकातून तो फुसका आवाज येतो. मग ती थांबते. आणि पुढे काहीच येत नाही. ती वाट बघते, मीही बघतो, आणि मग ती उठून पाणी प्यायला जाते.

एकदा मी तिला म्हटलं, बाळा, हस ना एकदा, बापासाठी. तिने खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, खांदे हलवले. नुसती हवा आली. मग तिने माझ्याकडे बघत अगदी हळू विचारलं, "पप्पा, ते तिथंच ऱ्हायलं ना?"

मी नाही म्हटलं. असलं काही नसतं म्हटलं.

८

काठी मी पुन्हा हातात घेतली नाही. पण रविवारी माणसाने करायचं काय? यंदा दिवाळीनंतर पाणी निवळल्याचं लोक बोलत होते, आणि पाय आपोआप त्या वाटेला लागले. कढईपर्यंत जायचं नव्हतं. वरच्या माळावर, जिथून फक्त उंबराचा शेंडा दिसतो, तिथे जरा वेळ बसून परतायचं होतं.

तिथे मला ते ऐकू आलं. आधी नाकातून एक फुसका आवाज. मग थांबणं. आणि मग धरण फुटलं. मी उभा राहिलो तो तसाच. धुणं धुवायला आलेल्या पोरी असतील म्हणून हाका मारल्या. कुणी नव्हतं. ते हसणं खालून, पाण्याच्या अंगाने येत होतं, आणि ते माझ्या पोरीचं होतं. बाप ओळखायला चुकत नाही. ती त्या वेळी घरी तांदूळ निवडत बसली होती, मी निघताना बघून आलो होतो.

घरी जाऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी माळावर गेलो तर तिथे काहीच ऐकू येईना. चार पावलं उतरलो तेव्हा आलं. त्याच्या पुढच्या रविवारी शेळ्यांच्या वाटेपर्यंत उतरावं लागलं. परवाच्या रविवारी जांभळांच्या खाली. मला काय चाललंय ते कळत नाही असं समजू नका. मी आयुष्यभर या पाण्यावर बसलेला माणूस आहे. हे काय आहे, कशासाठी आहे, कुणी मांडलं आहे आणि जागा दर वेळी खाली का सरकते, सगळं मला दिसतं. ते ओठाखाली कसं बसलं असेल तेही दिसतं, एक गुडघा वर घेऊन.

पण ते हसणं खरं आहे. नक्कल नाही. ते तिचं आहे आणि तिच्याजवळ नाही. बरोबर नेलं तर घरात पुन्हा ऐकू येईल असं माझं मन मला रोज सांगतं, कामावर सांगतं, जेवताना सांगतं, रश्मी समोर बसून मुकाट्याने भात कालवत असते तेव्हा तर फारच सांगतं. रत्नप्रभा विचारते, तुम्ही हल्ली काठी न घेताच नदीवर कशाला जाता? मी सांगतो, पाय मोकळे करायला.

मासा फसतो असं आपण म्हणतो. मला आता तसं वाटत नाही. त्याला गळ दिसत असणार, दोरी दिसत असणार, काठावरचा माणूसही दिसत असणार. तरी तो येतो, कारण जे समोर ठेवलेलं असतं ते त्याला हवंच असतं.

काल मी उंबरापर्यंत गेलो होतो. पाण्यात उतरलो नाही. फक्त चपला काढल्या.